बॅलिस्टिक ॲप आणि .२२ रायफल : या चुका टाळा

बॅलिस्टिक ॲप म्हणजे गोळी कुठे लागेल याचं गणित करणारं ॲप. त्याने सांगितले तेवढे क्लिक (साइट, म्हणजे नेम धरायचं साधन, सरकवण्याचे टप्पे) दिले, तरी १०० मीटरवर ग्रुप (एकाच नेमाने झाडलेल्या गोळ्यांचा पुंजका) तीन सेंटिमीटर खालीच बसतो. अशा वेळी बहुतेक नेमबाज थेट बीसी (बॅलिस्टिक कोइफिशंट, म्हणजे गोळी हवेचा अडथळा किती सहज कापते तो आकडा) बदलतात आणि आकडा कागदाशी जुळला की खूश होतात. हे करू नका. शंभर मीटरपर्यंत गोळीच्या पडीत बीसीचा वाटा लहान असतो. खरी चूक वेगात, साइटच्या उंचीत किंवा झिरोत (ठरावीक अंतरावर नेम आणि गोळी एकाच जागी जुळवण्यात) असते. तिथे बीसी ओढूनताणून जुळवला, तर पुढच्या अंतरावर ॲपने दिलेलं अंतर-क्लिकचं कार्ड पुन्हा चुकणार.

आधी झिरो तपासा. ५० मीटरवर तीन गोळ्यांवरून झिरो ठरवू नका, निदान दहा गोळ्यांच्या ग्रुपचा मध्य धरा. मग नळीच्या मध्यापासून साइटच्या मध्यापर्यंतची उंची कॅलिपरने मोजा. बरेच जण इथे ॲपमध्ये आधीच भरलेला आकडा तसाच ठेवतात. झिरो ५० मीटरचा असेल आणि ही उंची एक सेंटिमीटरने चुकली, तर १०० मीटरवर गणितही एक सेंटिमीटरने चुकतं.

काडतुसाच्या डबीवरचा वेग कंपनीच्या चाचणी-नळीतला असतो, तुमच्या नळीतला नाही. ४० ग्रेन वजनाच्या .२२ गोळीचा वेग १० मीटर प्रतिसेकंदाने चुकला, तर १०० मीटरवर साधारण दीड सेंटिमीटरचा फरक पडतो. म्हणून गोळीचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ हवाच. प्रकाशावर चालणारा क्रोनोग्राफ ट्यूबलाइटखाली वापरू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकच्या ट्यूबा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि वाचन भलतंच येतं. यंत्र नळीच्या तोंडापासून तीन मीटरवर असेल, तर ते अंतरही ॲपला सांगा.

आपल्या भागात सगळ्यात जास्त घोळ होतो तो हवेच्या दाबाचा. हवामानाचं ॲप साताऱ्यात १०१० हेक्टोपास्कलच्या आसपास दाब दाखवतं, पण तो समुद्रसपाटीवर आणलेला आकडा असतो. सातारा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७४० मीटर उंच आहे, तिथला प्रत्यक्ष दाब ९२७च्या जवळपास. सांगलीत तो ९५०च्या आगेमागे, तर महाबळेश्वरात ८६०च्या घरात. इथे चूक दोन प्रकारे होते. कुणी १०१० भरून उंची शून्य ठेवतं, मग ॲप हवा आहे त्यापेक्षा दाट धरतं. कुणी ९२७ भरतं आणि वर ७४० मीटर उंचीही देतं, तेव्हा काही ॲप तीच उंची दुसऱ्यांदा वजा करतात आणि साताऱ्यात बसून महाबळेश्वरापेक्षा विरळ हवेचं गणित करतात. सेटिंगमध्ये दाब ‘प्रत्यक्ष’ आहे की ‘समुद्रसपाटीचा’, ते बघा. प्रत्यक्ष दाब भरला की उंचीचा रकाना मोकळा ठेवा. ५० मीटरवर याचा परिणाम जाणवणार नाही, पण १०० मीटरवर वारा असेल तर वाहण्याचा अंदाज सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरने चुकू शकतो.

वाऱ्याला कमी लेखू नका. दोन मीटर प्रतिसेकंदाचा आडवा वारा ५० मीटरवर .२२ गोळीला सव्वा-दीड सेंटिमीटर ढकलतो, आणि ५० मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळच १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं.

एककं एकदा नीट पाहून घ्या. स्कोप (नेमाची दुर्बीण) पाव मिनिटाचा (इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) आणि ॲप ०.१ मिलवर (मिल हेही कोनाचंच एकक) असेल, तर १०० मीटरवर एक क्लिक एकीकडे ७.३ मिलिमीटर, दुसरीकडे १० मिलिमीटर. स्कोपचे क्लिकही तपासा: पाव मिनिटाचे ४० क्लिक दिल्यावर ५० मीटरवर ग्रुप १४.५ सेंटिमीटर सरकायला हवा.

बीसी कोणत्या मॉडेलचा, तेही पाहा: लांबट, बोट-टेल (मागे निमुळत्या) गोळीला जी-७, .२२च्या गोल नाकाच्या गोळीला जी-१. जी-७चा बीसी जी-१च्या रकान्यात गेला, तर गोळी कागदोपत्री खूप लवकर मंदावते. एअर रायफलच्या छऱ्याला यातलं काहीच नीट लागू पडत नाही, त्याचं वेगळं मॉडेल ॲपमध्ये असेल तर तेच घ्या.

काडतुसं स्वतः भरण्याच्या सॉफ्टवेअरबद्दलही सांगायला हवं. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. ज्यांना ती परवानगी आहे, त्यांनी लक्षात ठेवावं की पडद्यावर दिसणारा काडतुसातला दाब हा अंदाज असतो. केसचं (काडतुसाच्या नळकांड्याचं) आकारमान, गोळी किती खोल बसवली आहे आणि पावडरचा लॉट बदलला की तो अंदाज खोटा ठरतो. सॉफ्टवेअर सुरक्षित म्हणतंय म्हणून पावडर बनवणाऱ्या कंपनीच्या छापील तक्त्यातल्या कमाल मापाच्या वर जाऊ नका; सुरुवात तक्त्यातल्या सर्वात कमी मापापासूनच करा. बोल्ट उचलायला जड गेला किंवा प्रायमर (काडतुसाच्या बुडाची, पावडर पेटवणारी टोपी) चपटा दिसला, तर तिथेच थांबा आणि त्या लॉटची उरलेली काडतुसं झाडू नका.