पॉलिक्लिनिकला बॅच न्यायच्या आधी

नर्सिंग कॉलेजची बॅच ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकला पोस्टिंगसाठी न्यायची, तर सुरुवात पत्रापासून, आणि पत्र योग्य टेबलावर पडतंय ना हे बघण्यापासून. ईसीएचएसचं पॉलिक्लिनिक बाहेरून तालुक्याच्या एखाद्या बऱ्या दवाखान्यासारखं दिसतं. आत कंत्राटी डॉक्टर, फार्मासिस्ट, नर्सिंग असिस्टंट, लॅबवाला आणि या सगळ्यांवर ओआयसी (ऑफिसर-इन-चार्ज), म्हणजे बहुतेक वेळा एखादे निवृत्त अधिकारी. त्यामुळे आपल्याला वाटतं, साहेबांनी चहा पाजला, ‘या की’ म्हणाले, झालं काम. पण पॉलिक्लिनिक चालतं लष्कराच्या स्टेशन हेडक्वार्टरच्या हाताखाली. तेव्हा प्राचार्यांच्या सहीचं पत्र ओआयसींमार्फत वर जाऊ द्या. सोबत विद्यार्थ्यांची यादी, ओळखपत्रांच्या प्रती, तारखा, आणि कोण काय करणार आणि काय करणार नाही याचं एक पान जोडा. दोन महिने हातात ठेवा. फौजेत कागद हरवत नाही, पण तो आपल्या घाईने चालतही नाही.

पत्रात एक वाक्य हमखास राहतं, ते म्हणजे टोचलं तर काय. आमच्या पहिल्या बॅचच्या तिसऱ्या दिवशी एका मुलीला वापरलेली लॅन्सेट, म्हणजे बोटातून रक्त काढायची सुई, टोचली. तिकडचे म्हणाले, मुलगी तुमची. आमच्याकडचे म्हणाले, घटना तिकडची. रजिस्टर कुणाचं, पेशंटचं रक्त कुणी घ्यायचं, गाडी कुणाची, यात अडीच तास गेले आणि शेवटी मी तिला स्कूटरवर मागे बसवून सिव्हिलला नेलं. एचआयव्ही टाळायचं औषध दोन तासांच्या आत मिळालं तर उत्तम आणि ७२ तासांनंतर उपयोग नाही, हे वर्गात मीच शिकवत होते. आता करारात लिहिलेलं असतं की नोंद पॉलिक्लिनिकच्या रजिस्टरात, गाडी कॉलेजची, आणि एआरटी सेंटरचा, म्हणजे एचआयव्हीचं औषध देणाऱ्या केंद्राचा, नंबर प्रत्येकीच्या ओळखपत्राच्या मागे चिकटवलेला. हिपॅटायटिस बीची लसही आयत्या वेळी सुचून चालत नाही. तीन डोस, ०, १ आणि ६ महिन्यांनी, म्हणजे पोस्टिंगच्या आधीचं वर्ष संपायच्या आतच सुरुवात हवी.

लॉगबुकात हे तास कुठल्या सदरात धरायचे ते प्राचार्यांकडून आधीच लेखी घ्या. बीएस्सीच्या सेमिस्टर पद्धतीत कम्युनिटी हेल्थ पाचव्या आणि सातव्या सेमिस्टरला येतं. मी सातव्याची मुलं नेते. पाचव्याची मुलं बीपी छान घेतात, पण समोरचा गप्प बसला की गोंधळतात, आणि इथे समोरचा बहुधा गप्पच बसतो.

बॅच दहाची ठेवा, त्याहून मोठी नको. वेटिंगच्या बाकांवर पेशंटलाच जागा नसते.

ओरिएंटेशनला एक अख्खी सकाळ द्या आणि त्यात योजना नीट समजावून सांगा. ईसीएचएस सुरू झाली १ एप्रिल २००३ला. निवृत्तीच्या वेळी एकरकमी वर्गणी भरायची, मग जवान, त्याची बायको, अवलंबून असलेली मुलं आणि आईवडील यांना पॉलिक्लिनिक, तिथून रेफरल मिळालं की लष्करी किंवा पॅनेलवरचं खासगी हॉस्पिटल. वीरनारींना वर्गणी माफ. मुलांना हे कशाला, असं आमच्या एका सहकाऱ्याने विचारलं होतं. ज्या मुलीला रेफरल आणि ‘एनए’चा अर्थ कळत नाही, ती खिडकीवर चिडलेल्या सुभेदार साहेबांना काय सांगणार? एनए म्हणजे औषध स्टॉकमध्ये नाही. ही दोन अक्षरं दिवसातून पन्नास वेळा ऐकू येतात.

याच सकाळी थोडा इतिहासही सांगते. लष्करी नर्सिंगसाठी पहिल्या दहा प्रशिक्षित परिचारिका बोटीने मुंबईला उतरल्या त्या १८८८ मध्ये. आमचं साताऱ्याजवळचं अपशिंगे गाव कागदोपत्रीसुद्धा ‘मिलिटरी’ हे आडनाव लावून मिरवतं, आणि पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जवान कामी आले. बॅचमधल्या निम्म्या मुलांच्या घरी कुणी ना कुणी फौजेत असतं. इतिहास ऐकताना ती सरसावून बसतात, मग कामाचं बोलता येतं.

कामाचं म्हणजे हाक कशी मारायची इथपासून. ‘आजोबा’ बंद. सतरा वर्षं नोकरी करून चाळिशीच्या आत घरी आलेला नाईकसुद्धा माजी सैनिकच असतो, त्याला आजोबा म्हटलं तर तो उठून जाईल. कार्डावरचा हुद्दा वाचा आणि हवालदार साहेब, सुभेदार साहेब म्हणा. ‘जय हिंद’ म्हटलं तर चेहरा उजळतो, पण म्हणायचं तर नीट म्हणा, पुटपुटू नका. तोफखान्यात किंवा रणगाड्यांवर नोकरी झालेल्यांचे कान बऱ्याचदा गेलेले असतात. तिथे ओरडून उपयोग नाही, समोर बसून, मास्क थोडा वेळ खाली घेता आला तर घेऊन, सावकाश बोलायचं. आणि युद्धात काय पाहिलं हे कुतूहल म्हणून विचारायचं नाही. झोप कशी लागते हे विचारायचं. दारूचंही विचारायचं, पण ‘पिता का?’ असं नाही. कँटीनचा कोटा महिन्याला पुरतो का, असं विचारलं की उत्तर सरळ येतं. त्यानंतर ऑडिटचे, म्हणजे दारूची सवय तपासायच्या प्रश्नावलीचे, दहा प्रश्न काढले तर कुणाला राग येत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसले ती. बाकांवर पाहिलंत तर माजी सैनिकांच्या बरोबरीने त्यांच्या बायका बसलेल्या असतात. काही स्वतःचं कार्ड घेऊन आलेल्या, काही नुसत्या सोबत. पोस्टिंगची तयारी करताना आपण फौजी पेशंटचा अभ्यास करतो आणि या बायकांना नातेवाईक म्हणून बाहेर बसवतो. मागच्या वर्षी एक निवृत्त हवालदार आले, साठीचे, डायबेटिस बारा वर्षांचा. माझ्या विद्यार्थिनीने रीतसर पाच मिनिटं बसवून, पाय जमिनीला टेकवून, हात टेबलावर ठेवून बीपी घेतलं, शुगर पाहिली, विचारलं, ‘साहेब, काही त्रास?’

‘काय नाय. एकदम ओके.’

तिने ओके लिहिलंसुद्धा. तेवढ्यात मागून काकू म्हणाल्या, ‘ओके कसलं? परवा देवळातनं एका चपलेवर घरी आले. दुसरी वाटेत कुठं पडली, ह्यांना पत्ताच नाही.’ साहेबांनी वळून असं बघितलं, की त्या एकदम पदर सावरत गप्प झाल्या. मी मोनोफिलामेंट काढायला सांगितलं. दहा ग्रॅमचा तो नायलॉनचा दोरा वाकेपर्यंत तळव्याला टेकवायचा आणि विचारायचं, लागलं का. डोळे मिटून साहेब प्रत्येक वेळी ‘येस’ म्हणत होते, आम्ही टेकवला नव्हता तेव्हाही. डाव्या अंगठ्याखाली काचेच्या तुकड्याची जुनी जखम निघाली. बर्फातल्या पोस्टवर बधिर झालेले पाय आणि त्यावर साखर, यातलं किती कशामुळे ते डॉक्टरांनी ठरवायचं. पण ती जखम त्या चपलेमुळे सापडली आणि चपलेची गोष्ट काकूंना माहीत होती.

म्हणून केस स्टडीच्या फॉर्मात आम्ही एक रकाना वाढवला आहे, ‘घरच्यांचं म्हणणं’. तो कोरा ठेवला तर फॉर्म परत. काकूंना वेगळं बसवून, त्यांचंही बीपी घेत घेत विचारायचं, साहेबांच्या देखत नाही. त्यांचं स्वतःचं दुखणंही तिथेच निघतं. गुडघे, रक्त कमी, आणि नवरा सीमेवर असताना वीस वर्षं एकटीने सगळं रेटल्यावर येतो तो थकवा, ज्याला फॉर्मात रकाना नाही.

सामानात बीपीचे दोन कफ घ्या, मोठा आणि नेहमीचा. मोनोफिलामेंट, टॉर्च, इंचपट्टी, आणि जाड मार्कर पेनं भरपूर. मार्कर औषधांच्या पिशव्यांसाठी. पेशंटला आदल्या दिवशी निरोप द्यायचा, घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा. सरकारी पुरवठ्यात महिन्याला कंपनी बदलते, गोळीचा रंग बदलतो. एका पिशवीत अॅम्लोडिपिन या बीपीच्या एकाच औषधाच्या दोन नावांच्या दोन पट्ट्या निघाल्या, ‘पांढरी सकाळची, पिवळी रात्रीची’ असा त्यांचा हिशेब होता आणि पाय सुजले म्हणून तक्रार. विद्यार्थ्याने तिथल्या तिथे ‘ही बंद करा’ म्हणायचं नाही, हे बजावून सांगा. पट्ट्या घेऊन फार्मासिस्टकडे, मग मेडिकल ऑफिसरकडे. त्यांनी सांगितलं की मग मोठ्या अक्षरात तक्ता लिहून द्यायचा, सकाळला सूर्य, रात्रीला चंद्र. हे तक्ते हीच आमची पॉलिक्लिनिकला परतफेड. नुसते तास भरायला गेलात तर दुसऱ्या वर्षी पत्राला उत्तर येत नाही, आणि का यावं?

अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटलांनी २००७ पासून नर्सिंग कॉलेजांशी रीतसर जोडी लावली, हॉस्पिटलच्या नर्सेस कॉलेजात शिकवू लागल्या. आपल्याकडे निदान एवढं करा, की पॉलिक्लिनिकच्या नर्सिंग असिस्टंटना वर्गात एक तास बोलवा आणि मानधनाचं पाकीट आधी तयार ठेवा. आमच्याकडे आलेले निवृत्त नर्सिंग असिस्टंट बँडेज बांधण्यावर जे बोलले ते आमच्या प्रॅक्टिकलच्या वहीत नाही.

मोबाइल बाहेर, फोटो नाही, ग्रुपवर पेशंटचं नाव नाही. हे एकदा सांगून भागत नाही, रोज सांगा.

जमलं तर एक दिवस खडकीच्या परॅप्लेजिक सेंटरला न्या. १९७४ साली सुरू झालेल्या या केंद्रात पाठीच्या कण्याला इजा झालेले जवान राहतात. साताऱ्याहून पहाटे निघालं तर दहाला पोचतो. दर दोन तासांनी कूस बदलायची, हे वाक्य मुलांनी परीक्षेत दहादा लिहिलेलं असतं. तिथे व्हीलचेअरवर बसून बास्केटबॉल खेळणारा माणूस दंडांवर जोर देऊन स्वतःला खुर्चीतून वर उचलतो, काही क्षण तसाच धरतो, पुन्हा बसतो आणि बोलणं पुढे चालू ठेवतो. एकाच जागी दाब येऊन जखम होऊ नये म्हणून त्याने अंगात मुरवलेली सवय आहे ती. परवानगी इथेही लेखी आणि आधी. मुलांना सांगून ठेवा, तिथे हळहळायचं नाही, प्रश्न विचारायचे.

पोस्टिंग संपल्यावर आठवड्याच्या आत ओआयसींना दोन पानी अहवाल द्या. किती पाय तपासले, किती पिशव्यांत दुहेरी औषधं निघाली, किती जण डॉक्टरांकडे पाठवले, नावं न लिहिता नुसते आकडे. पुढच्या तारखा त्याच भेटीत मागून घ्या आणि नोव्हेंबर टाळा. त्या महिन्यात हयातीच्या दाखल्याची धावपळ असते, साहेब बँकेच्या रांगेत आणि काकूही त्यांच्याबरोबर.