बँकेकडून सामाजिक निधी मागण्यापूर्वी तिचा वार्षिक अहवाल कसा वाचावा आणि अर्ज कसा करावा

गावातील शाळा, वसतिगृह, ग्रंथालय किंवा आरोग्य केंद्र चालवणाऱ्या संस्थांकडून बँकांना दरवर्षी मदतीची असंख्य पत्रे जातात आणि त्यांतील बहुतेकांना उत्तरही येत नाही. त्याचे कारण नेहमी बँकेची अनास्था हे नसते. बँक दान देते ते तिच्या नफ्यातून, ठरावीक नियमांच्या चौकटीत आणि वर्षातील ठरावीक काळात, ही गोष्ट पत्र लिहिणाऱ्याला ठाऊक नसते. आमच्या तालुक्यातील एका शिक्षणसंस्थेची कागदपत्रे मी अनेक वर्षे सांभाळत आलो आहे आणि मुलींच्या वसतिगृहासाठी पाणी शुद्धीकरण यंत्र मिळवताना जे शिकलो, ते येथे क्रमाने मांडतो. हे विवेचन व्यापारी बँकांपुरते आहे. सहकारी बँकांचे नियम निराळे आहेत.

पहिले काम म्हणजे बँक कोणत्या कायद्याखाली चालते हे पाहणे. खाजगी बँक ही कंपनी असते, म्हणून तिला कंपनी अधिनियम २०१३ चे कलम १३५ लागू होते. मागील वर्षी ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक उत्तरदायित्वाच्या (सीएसआर) कामांवर खर्च केलीच पाहिजे, अशी ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून अमलात आहे. समजा एखाद्या बँकेचा नफा लागोपाठच्या तीन वर्षांत १००, १३० आणि १६० कोटी असेल, तर सरासरी १३० कोटी येते आणि त्या वर्षीचा निधी किमान २ कोटी ६० लाख रुपये ठरतो. हा नफा कायद्याच्या कलम १९८ प्रमाणे, म्हणजे आयकर वजा करण्यापूर्वीचा काढला जातो. त्यामुळे वृत्तपत्रात छापून आलेल्या आकड्यावरून केलेले गणित तंतोतंत जुळत नाही. अंदाजासाठी मात्र ते पुरेसे आहे. एचडीएफसी बँकेने २०२३-२४ मध्ये या कामांवर सुमारे ९४५ कोटी रुपये खर्च केले. १९९५ च्या जानेवारीत व्यापारी बँक म्हणून काम सुरू केलेल्या संस्थेचा सामाजिक निधी तीन दशकांत येथवर पोहोचला, तो तिच्या नफ्यातील वाढीबरोबरच.

राष्ट्रीयीकृत बँकांची गोष्ट वेगळी आहे. त्या १९७० आणि १९८० च्या अधिग्रहण कायद्यांखाली स्थापन झालेल्या आहेत आणि स्टेट बँक तिच्या स्वतंत्र १९५५ च्या कायद्याखाली चालते. त्यामुळे २ टक्क्यांचे बंधन त्यांना थेट लागू होत नाही. त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेचा दंडक असा की, नफ्यातील बँकेने एका वर्षात एकूण देणग्या मागील वर्षाच्या जाहीर नफ्याच्या १ टक्क्यापर्यंत द्याव्यात आणि तोट्यातील बँकेने वर्षभरात सगळ्या मिळून ५ लाख रुपयांच्या पुढे जाऊ नये. यात दोन बारकावे आहेत. एक म्हणजे ही कमाल मर्यादा आहे, खर्चाची सक्ती नव्हे. दुसरा म्हणजे एका वर्षी न वापरलेली मर्यादा पुढील वर्षात ओढता येत नाही.

या ५ लाखांच्या मर्यादेचा अर्थ नीट समजण्यासाठी बँक ऑफ महाराष्ट्रचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. १६ सप्टेंबर १९३५ रोजी पुण्यात १० लाख रुपयांच्या अधिकृत भांडवलावर तिची नोंदणी झाली, ८ फेब्रुवारी १९३६ रोजी व्यवहार सुरू झाला आणि १९ जुलै १९६९ रोजी राष्ट्रीयीकरण झालेल्या १४ बँकांमध्ये ती होती. शेतकरी, छोटा व्यापारी आणि नोकरदार यांच्या ठेवींवर उभी राहिलेली ही बँक थकीत कर्जांमुळे २०१६-१७ पासून सलग तीन वर्षे तोट्यात होती. त्यांतील २०१८-१९ या एका वर्षाचा तोटा ४,७८४ कोटी रुपयांच्या घरात होता, कारण बुडण्याची शक्यता असलेल्या कर्जांसाठी त्या वर्षी मोठी तरतूद करावी लागली. जून २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर सुधारात्मक निर्बंध घातले होते, ते जानेवारी २०१९ अखेर उठले. त्यानंतर मात्र बँकेने जी उभारी घेतली ती पाहण्यासारखी आहे: नफा २०२१-२२ मध्ये १,१५२ कोटी, २०२२-२३ मध्ये २,६०२ कोटी आणि २०२३-२४ मध्ये ४,०५५ कोटी. आता वरचा दंडक या आकड्यांना लावून पाहा. २०१९-२० मध्ये देणग्यांची मर्यादा ५ लाख, तर २०२४-२५ मध्ये साधारण ४० कोटी. बँक तीच, शाखा त्याच, माणसेही बरीचशी तीच. पण पहिल्या वर्षी अर्ज करणाऱ्या संस्थेचे काम कितीही चांगले असले तरी तिच्या हाती फारसे काही लागणे शक्य नव्हते.

म्हणून अर्जाचा कागद पुढे ओढण्यापूर्वी बँकेच्या संकेतस्थळावरून मागील तीन वर्षांचे वार्षिक अहवाल उतरवून घ्यावेत. चारशे पानांचा ग्रंथ पाहून घाबरण्याचे कारण नाही. अध्यक्षांचे निवेदन सोडून सरळ नफा-तोटा पत्रकावर जावे आणि निव्वळ नफ्याची ओळ तीन वर्षांसाठी वहीत उतरवावी. त्याखाली निव्वळ अनुत्पादित, म्हणजे थकीत, कर्जांचे (एनपीएचे) प्रमाण लिहावे. महाराष्ट्र बँकेचे हे प्रमाण मार्च २०२४ अखेर ०.२० टक्के इतके खाली आले होते. हे प्रमाण वर्षागणिक वाढत असेल, तर आजचा नफा चांगला दिसला तरी उद्याच्या तरतुदी तो खातील असे समजावे आणि तीन वर्षांच्या टप्प्याटप्प्याच्या प्रकल्पाऐवजी एका वर्षात संपणारे काम मागावे. ठेवींचा वाढता आकडा अहवालात ठळक छापलेला असतो, पण आपल्या कामासाठी तो दुय्यम आहे. ठेवी हे बँकेचे देणे आहे आणि दान नफ्यातून होते.

त्यानंतर सामाजिक उत्तरदायित्वाचे परिशिष्ट उघडावे. सगळ्या अहवालात आपल्यासाठी सर्वांत मोलाची पाने हीच आहेत. खाजगी बँकांच्या परिशिष्टात प्रकल्पाचे नाव, जिल्हा, रक्कम, काम बँकेने स्वतः केले की संस्थेमार्फत आणि संस्थेमार्फत केले असल्यास तिचे नाव व नोंदणी क्रमांक असा तपशील २०२१-२२ पर्यंत सक्तीने द्यावा लागे; नंतरच्या अहवालांत तो नसेल, तर बँकेच्या संकेतस्थळावरील मंजूर प्रकल्पांची यादी पाहावी. आपल्या जिल्ह्याच्या ओळी शोधाव्यात, बँकेचा कल शिक्षणाकडे आहे, पाण्याकडे आहे की आरोग्याकडे, हे पाहावे, आणि आपल्याएवढ्याच लहान संस्थेला सर्वसाधारणपणे किती रक्कम मिळाली आहे ते टिपून ठेवावे. जी बँक दरवर्षी शाळांना पाच-सात लाखांचे साहित्य देते, तिच्याकडे दोन कोटींच्या इमारतीचा आराखडा नेणे म्हणजे दोघांचाही वेळ घालवणे होय. कायद्यात स्थानिक परिसराला प्राधान्य देण्याचे सूत्र आहे, म्हणून ज्या बँकेची शाखा आपल्या गावात किंवा शेजारच्या बाजारपेठेत आहे, तिच्यापासून सुरुवात करणे शहाणपणाचे.

येथे एक गल्लत टाळावी. पीककर्ज, बचतगटाचे कर्ज, दुर्बल घटकांना दिलेले कर्ज ही बँकेची दानाची कामे नव्हेत. एकूण कर्जवाटपाच्या ४० टक्के अग्रक्रम क्षेत्राला आणि त्यातच एकूण कर्जवाटपाच्या १८ टक्के शेतीला देणे हे व्यापारी बँकांवर बंधन आहे आणि ती रक्कम व्याजासह परत येते. नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेला खर्च सामाजिक निधीत धरता येत नाही. त्यामुळे गटातील महिलांना शिलाई यंत्रे हवी असतील आणि त्या मिळकतीतून हप्ते फेडता येणार असतील, तर त्यांनी कर्जाचाच अर्ज करावा. त्यांची पत त्यातून तयार होते आणि पुढच्या वेळी अधिक रक्कम मिळते. गरज प्रशिक्षणाची असेल, तर अग्रणी बँकेतर्फे, म्हणजे जिल्ह्यातील बँकांच्या कामाचा समन्वय करणाऱ्या बँकेतर्फे, चालणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आरसेटीत, चौकशी करावी. कर्नाटकातील उजिरे येथे १९८२ मध्ये धर्मस्थळ देवस्थानाच्या न्यासाने सिंडिकेट आणि कॅनरा या दोन बँकांबरोबर सुरू केलेल्या संस्थेचा तो नमुना आज देशभर पोहोचला आहे. राहणे, जेवण आणि शिक्षण तेथे विनामूल्य असते. आपल्या जिल्ह्यातील आरसेटीचा पत्ता अग्रणी जिल्हा व्यवस्थापकाच्या कार्यालयात मिळतो.

आता कागदपत्रे. यातच बहुतेक संस्था अडकतात. धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी प्रमाणपत्र, आयकरातील धर्मादाय संस्थेची नोंदणी आणि देणगीदाराला सवलत देणारी मान्यता (१९६१ च्या कायद्यातील कलमे १२अ आणि ८०ग), तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि विश्वस्तांची अद्ययावत यादी एवढे तयार असल्याशिवाय अर्ज करू नये. अद्ययावत हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे. एखादे विश्वस्त निवर्तलेले असतात, नवे आलेले असतात, पण त्याचा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात मंजूर झालेला नसतो. मग तेथील अनुसूचीवर, म्हणजे विश्वस्तांच्या नोंदीवर, वेगळी नावे आणि अर्जावर दुसरीच, असे होऊन प्रकरण परत येते. कंपनी असलेल्या बँकेकडून निधी घ्यायचा असेल, तर कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर सीएसआर-१ हा नमुना भरून मिळणारा क्रमांक १ एप्रिल २०२१ पासून आवश्यक आहे. शिवाय बँकेने स्वतः स्थापन न केलेल्या संस्थेला तशाच प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असावा लागतो. नव्या संस्थेने अशा वेळी खोटा अनुभव दाखवण्यापेक्षा जुन्या नोंदणीकृत संस्थेबरोबर काम करावे. निधीतून वस्तू किंवा इमारत उभी राहणार असेल, तर तिची मालकी नोंदणीकृत संस्थेची, लाभार्थी गटाची किंवा सार्वजनिक प्राधिकरणाची असू शकते. विश्वस्ताच्या वैयक्तिक नावावरील जागेत किंवा त्याच्या नावाने घेतलेल्या गाडीसाठी निधी मागू नये.

वेळेचेही गणित आहे. आमचा पहिला अर्ज मी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एका बँकेच्या शाखेत दिला होता. वर्षअखेरीच्या गडबडीत तो टेबलावर राहिला आणि नव्या वर्षात त्याचा मागमूस उरला नाही. तो काळच चुकीचा होता. बँकांचे निकाल एप्रिल-मेमध्ये लागतात, त्यानंतर वर्षाचा निधी आणि कृती आराखडा ठरतो, म्हणून जून ते सप्टेंबर हा काळ सर्वांत योग्य. खाजगी बँकेचा ठरलेला निधी वर्षात खर्च झाला नाही, तर चालू प्रकल्पाची उरलेली रक्कम ३१ मार्चनंतर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवून तीन वर्षांत वापरावी लागते आणि इतर रक्कम सहा महिन्यांत सरकारी निधीत जमा होते. त्यामुळे जानेवारीत क्वचित एखादी बँक स्वतःहून चांगल्या कामाच्या शोधात असते, पण त्यावर विसंबून राहू नये.

अर्ज शाखा व्यवस्थापकांच्या हाती द्यावा, एक प्रत अंचल (विभागीय) कार्यालयाला पाठवावी आणि दोन्हींची पोच घ्यावी. शाखेला बहुधा मंजुरीचा अधिकार नसतो. पण वरिष्ठ कार्यालय पहिला प्रश्न शाखेलाच विचारते की, ही माणसे कशी आहेत. संस्थेचे खाते तेथे असेल आणि ते नीट चाललेले असेल, तर त्याचे उत्तर आपोआप मिळते. अर्ज दोन पानांचा असावा. गरज काय, लाभ किती जणांना, खर्च किती, तीन दरपत्रके, संस्था स्वतः किती भार उचलणार आणि यंत्र बिघडले तर दुरुस्ती कोण करणार, एवढेच त्यात यावे. संस्थेचा इतिहास चार ओळींत संपवावा.

दुसऱ्या वर्षी आमचा अर्ज पुढे गेला आणि बँकेचे एक अधिकारी पाहणीला आले. अर्जातील छायाचित्रांकडे त्यांनी फारसे लक्ष दिले नाही. ते थेट वसतिगृहाच्या मागच्या नळाशी गेले, ओंजळीत पाणी घेऊन चाखले आणि टाकीच्या तळाशी बसलेला पांढरा थर नखाने खरवडून पाहिला. मग त्यांनी विजेचे बिल मागितले. सहा महिन्यांची बिले वेळेवर भरलेली आहेत का, यंत्रामुळे वाढणारा आकार कोण भरणार आणि शुद्धीकरणात वाया जाणारे पाणी कोठे सोडणार, हे त्यांचे तीन प्रश्न होते. बिलांची फाईल हाताशी होती; वाया जाणाऱ्या पाण्याचा विचार मात्र आम्ही केलेला नव्हता. त्यांनीच ते पाणी संडासांच्या टाकीत वळवण्याचे सुचवले आणि नळजोडणीचा खर्च अंदाजपत्रकात वाढवून घ्यायला लावला. आपण जेथे पाहण्याचे टाळतो, नेमके तेथेच पाहणारा माणूस भेटला, तर त्याचे आभार मानावेत.

मंजुरीचे पत्र आल्यावर करार काळजीपूर्वक वाचावा. रक्कम हप्त्यांनी येत असल्यास पुढचा हप्ता आधीच्या खर्चाच्या उपयोगिता प्रमाणपत्रावर अवलंबून असतो आणि त्यावर सनदी लेखापालाची सही लागते. या निधीसाठी शक्य असल्यास स्वतंत्र खाते उघडावे, निदान खतावणीत स्वतंत्र पान तरी ठेवावे. शिक्षकांचे पगार थकले म्हणून यंत्राचे पैसे महिनाभर तिकडे वळवणे, हेतू कितीही चांगला असला तरी, कराराचा भंग आहे आणि लेखापरीक्षणात ते उघड होते. बँकेच्या नावाची पाटी लावायची असेल, तर तिचा आकार आणि मजकूर लेखी ठरवून घ्यावा.

काम पूर्ण झाल्यावर बँकेने मागितलेला अहवाल तर द्यावाच, पण वर्षभराने, कोणी न मागता, एक पानाचे पत्र पाठवावे. आम्ही यंत्राच्या मीटरवरील लिटरची नोंद दर सोमवारी वहीत करतो. ती वही वसतिगृहातील नववीच्या मुली आळीपाळीने भरतात. त्या पानांच्या झेरॉक्स, बदललेल्या गाळणीची पावती आणि वेळेवर भरलेली विजेची बिले, एवढेच आमच्या पत्राला जोडलेले असते.