लोफ टिन हाताशी नसेल तर

बनाना ब्रेडचं मिश्रण कालवून झालं, ओव्हन तापला, आणि मग आठवलं की लोफ टिन, म्हणजे ब्रेडचा लांबट आयताकृती साचा, बहिणीकडेच राहिलाय. हाताला लागलं ते काचेचं चौकोनी भांडं घेतलं, तापमान तेच ठेवलं आणि कृतीत दिलेला पूर्ण तासभर भाजलं. कडा करपल्या, मधला भाग भुसभुशीत कोरडा झाला. भांडं बदललं, पण त्याबरोबर वेळ आणि तापमानही बदलायला हवं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

म्हणून आधी भांडं ठरवा, मग कालवायला घ्या. बनाना ब्रेडसारखा क्विक ब्रेड यीस्टवर फुगत नाही, खायच्या सोड्यावर किंवा बेकिंग पावडरवर फुगतो. सोड्याला ताक किंवा दही लागलं की बुडबुडे लगेच सुरू होतात. तुम्ही कपाटात भांडी धुंडाळत बसलात तर तेवढा वेळ ती हवा निघून जात असते.

भांड्यात किती मावतं ते पाण्याने मोजा. मोठा लोफ टिन, म्हणजे साधारण 23 बाय 13 सेंमीचा, आठ कप घेतो, जवळजवळ 1.9 लिटर. त्याचा धाकटा भाऊ 21 बाय 11 सेंमीचा. शेजारी ठेवले तर दोघांत बोटाएवढाच फरक दिसतो, पण धाकट्यात सहाच कप मावतात. कृतीत नुसतं ‘लोफ टिन’ लिहिलेलं असतं आणि मिश्रण ओव्हनच्या तळाशी सांडतं ते इथेच. (सुट्या तळाच्या भांड्यातून पाणी गळतं, ते कोरड्या तांदळाने मोजा.) कुठलंही भांडं दोन-तृतीयांशाच्या वर भरू नका. उरलेलं मिश्रण मफिनच्या साच्यात घाला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मिश्रण भांड्यात किती उंच चढतंय ते बघा, कारण वेळ बराचसा त्यावर ठरतो. समजा मिश्रण 1200 मिली आहे. मोठ्या लोफ टिनच्या तळाचं क्षेत्रफळ सुमारे 300 चौरस सेंमी, म्हणजे थर चार सेंमीचा. तेच 20 सेंमीच्या चौकोनी भांड्यात ओतलं तर तळ 400 चौरस सेंमी आणि थर तीनच सेंमी. एक सेंटिमीटरच कमी, पण मध्यापर्यंत उष्णता कितीतरी लवकर पोचते. 175 अंश सेल्सिअसवर लोफला तास लागत असेल तर चौकोनी भांड्यात 35 ते 40 मिनिटांत काम होतं. मी तिसाव्या मिनिटालाच पहिली काडी घालून बघते. 20 सेंमीच्या गोल भांड्याचा तळ मात्र 314 चौरस सेंमी, जवळजवळ लोफइतकाच. तिथे थर पुन्हा चार सेंमीच्या आसपास येतो, आणि भांडं पाचच सेंमी खोल असेल तर फुगायला जागा उरत नाही. त्यापेक्षा 23 सेंमीचं गोल भांडं घ्या. मफिनच्या बारा साच्यांत हेच मिश्रण 18 ते 25 मिनिटांत भाजून होतं. घाईच्या दिवशी माझी पसंती त्यांनाच.

भांडं कशाचं आहे, यानेही फरक पडतो. फिकट रंगाचं अ‍ॅल्युमिनियम सगळ्यात भरवशाचं. गडद नॉनस्टिक कडा लवकर लाल करतं. काच उशिरा तापते, पण तापली की उष्णता सोडत नाही, म्हणून 175 ऐवजी 160 अंश ठेवा. माझ्या पहिल्या ब्रेडला हेच भोवलं होतं. स्टीलचा खोल वाडगा मला पसंत नाही. स्टील उष्णता नीट पसरवत नाही आणि खोल वाडग्याचा मध्य कच्चा राहतो. मधोमध नळी असलेला साचा मात्र घट्ट, फळं घातलेल्या मिश्रणाला उत्तम, कारण उष्णता आतूनही लागते. सोडा ब्रेडला तर भांडंच नको, गोळा सपाट ट्रेवर ठेवला की झालं.

ओव्हनला चालतं असं स्पष्ट लिहिलेलं नसेल ती काच, मेलामाइन, प्लॅस्टिकच्या मुठीचं भांडं, यातलं काहीही ओव्हनमध्ये घालू नका. चालणारी काचसुद्धा फ्रिजमधून काढून थेट गरम ओव्हनमध्ये गेली तर तडकू शकते.

नवख्या भांड्यात मी बेकिंग पेपरची एक लांब पट्टी दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबेल अशी घालते. त्या पट्टीला धरून ब्रेड अखंड वर येतो. वरून लाल झाला आणि आत ओला असेल तर वर फॉइल सैलसर झाका. काडी केळ्याच्या तुकड्यात घुसली तर ओलीच निघते, म्हणून दुसऱ्या जागीही टोचून बघा. थर्मामीटर असेल तर मध्यभागी 95 अंश दिसले की बाहेर काढा. दहा मिनिटं भांड्यातच राहू द्या, मग जाळीवर ठेवा. काचेच्या भांड्यात तर दहा मिनिटांपेक्षा जास्त नकोच, तळ घामेजतो.

मी आता प्रत्येक भांड्यात किती कप मावतात ते कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ती कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. बहिणीकडचा टिन अजून तिच्याकडेच आहे. बनाना ब्रेड मी हल्ली अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनी भांड्यातच करते.