नव्या-जुन्या फोनचे रात्रीचे फोटो कम्पेअर करताय? या चुका टाळा

दर दिवाळीत कुणीतरी नवा फोन घेतं आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपवर दोन फोटो पडतात. एक काळवंडलेला, एक लख्ख, आणि खाली 'जुना व्हर्सेस नवा, फरक बघा'. मी बघतो. फरक असतोच हो, पण तो कॅमेऱ्याचा आहे की आणखी कशाचा हे त्या दोन फोटोंवरून बहुतेक वेळा सांगताच येत नाही, आणि असं बोललं की उत्तर ठरलेलं, तू जळतोस. जळतो तर जळतो. पण त्याच त्याच चुका बघून वैताग आलाय म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दोन फोटोंच्या मधे वेळ जाऊ देणं. ही मी स्वतः केलीय, आणि चांगली गावभर मिरवून केलीय.

त्रिपुरी पौर्णिमेला पहाटे आमच्या कोल्हापुरात पंचगंगा घाटावर दीपोत्सव असतो, सगळ्या पायऱ्यांवर पणत्या, रांगोळ्या, पाण्यात सगळ्याचं प्रतिबिंब. आयफोन ११ नुकताच घेतला होता आणि आयफोन ८ अजून विकला नव्हता, म्हटलं यापेक्षा भारी टेस्ट कुठली. पावणेसहाच्या सुमारास जुन्या फोनने सगळे फोटो काढून घेतले. मग बोटं गारठली म्हणून चहा मारायला गेलो, गाड्यावर दोघं ओळखीचे भेटले, गप्पा लांबल्या, आणि सव्वासहाला परत येऊन त्याच पायरीवर उभं राहून नव्याने तेच फोटो काढले. घरी लॅपटॉपवर शेजारीशेजारी लावले तर मी उडालोच. जुन्यात आकाश काळं ठिक्कर, नव्यात गडद निळं, देवळांच्या कडासुद्धा दिसतायत. आठवडाभर दिसेल त्याला दाखवत सुटलो. मग मेहुणा घरी आला, त्याला फोटोग्राफीतलं ओ की ठो कळत नाही, त्याने दोन्ही फोटो पाहिले आणि म्हणाला, "दाजी, या दुसऱ्या फोटोत निम्म्या पणत्या विझल्यात की."

विझल्याच होत्या. अर्ध्या तासात तेल संपलं होतं आणि पूर्वेला फटफटायला लागलं होतं. नोव्हेंबरात आमच्याकडे सूर्य साडेसहाच्या पुढे उगवतो, म्हणजे माझा जुना फोन जवळजवळ रात्रीत आणि नवा फोन झुंजूमुंजूत वापरला गेला. पहाटे आणि तिन्हीसांजेला आकाशाचा उजेड साधारण दर तीन-चार मिनिटांना दुप्पट किंवा निम्मा होतो. पौर्णिमेचा चंद्र आणि घाटावरचे दिवे धरले तरी अर्ध्या तासात आकाश कुठल्या कुठे जातं, आणि आपल्या डोळ्यांना ते कळतही नाही कारण डोळे सोबत ॲडजस्ट होत राहतात. मी दोन फोन नाही, दोन वेळा कम्पेअर केल्या होत्या.

तेव्हापासून माझी सवय एकच, जुना-नवा-जुना. आधी जुन्याने फोटो, लगेच नव्याने, परत जुन्याने, सगळं मिनिटभरात. जुन्याचे दोन फोटो एकमेकांसारखे दिसत नसतील तर मधे उजेड बदलला, तो सेट सरळ डिलीट. आणि पहाट-संध्याकाळ टेस्टच करायची नाही. मी रात्री स्वयंपाकघरात करतो. ओट्यावर एक झिरोचा बल्ब, त्याखाली तांब्या, मसाल्याचं पाकीट आणि आजोबांची काळी घोंगडी. बायको म्हणते ही कसली पूजा मांडलीय, पण या तीन वस्तूंपुढे फोन खोटं बोलू शकत नाही.

कारण दुसरी लाडकी चूक, उजळ म्हणजे चांगला. फोटो उजळ करणं फोनला अवघड नाही, अवघड आहे ते उजळ करताना बारकावा टिकवणं. अंधारात सेन्सरवर, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिपवर, उजेड कमी पडतो, फोन सिग्नल ताणतो, दाणे येतात, मग दाणे घालवायला सॉफ्टवेअर सगळं गुळगुळीत करतं. तांब्या गुळगुळीतच असतो, तिथे काही कळत नाही. घोंगडीवर बघा. परवा एकाचा दोन महिन्यांपूर्वी घेतलेला फोन या ओट्यावर ठेवला, फोटो एकदम झक्कास उजळ, आणि घोंगडी बघतोय तर रेक्झिन! एक धागा दिसेना. माझ्या जुन्या ८ च्या फोटोत दाणे होते, काळपट होता, पण लोकरीची वीण ओळखू येत होती. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचता येतात का ते बघा आणि बल्बच्या बाजूला सगळं पांढरंफेक होऊन भगदाड पडलंय का तेही. पणतीचा फोटो असेल तर ज्योत ज्योतीसारखी दिसतेय की पांढरा ठिपका झालाय एवढं पाहिलं तरी अर्धं काम होतं.

आता नाइट मोड, म्हणजे अंधारात फोन काही क्षण थांबून अनेक फ्रेम टिपतो तो. यात लोकांचा इतका घोळ असतो की काय सांगू. आयफोनमध्ये नाइट मोड २०१९ च्या ११ सीरिजपासून आला, त्याआधीच्या फोनला दिलाच नाही. माझा ८ आणि ११, मेन कॅमेरा कागदावर दोघांचा १२ मेगापिक्सेल आणि एफ १.८ (हा लेन्सच्या तोंडाचा आकडा, जितका लहान तितका उजेड जास्त). सेन्सर वेगळा आहे, पण अंधारात जो डोळ्यात भरणारा फरक दिसतो तो मुख्यतः अनेक फ्रेम एकावर एक रचून काढलेल्या फोटोचा. उलट गंमत गूगलच्या पिक्सेल फोनची. गूगलने नाइट साइट, म्हणजे त्यांचा नाइट मोड, नोव्हेंबर २०१८ मध्ये अपडेटमधून दिलं आणि ते २०१६ च्या पहिल्या पिक्सेललाही मिळालं. म्हणजे काच तीच, सेन्सर तोच, आणि दोन वर्षं जुना फोन एका रात्रीत अंधारात बघायला लागला. त्यामुळे 'नव्या फोनचा सेन्सर बाप आहे' म्हणायच्या आधी नव्यावर एक फोटो नाइट मोड चालू ठेवून आणि एक बंद करून काढा. आयफोनमध्ये चंद्राचं चिन्ह दाबून टायमर शून्यावर नेला की बंद होतो. सेन्सरने किती दिलं आणि सॉफ्टवेअरने किती, ते तेव्हा वेगळं दिसतं.

आणि कृपा करून हात स्थिर ठेवा. स्क्रीनवर तीन सेकंद लिहिलेलं असतं आणि आपले साहेब एका सेकंदात फोन खाली घेऊन बघतात, आला का फोटो. नाही आला! तीन म्हणजे तीन. ज्याला तीन सेकंद थांबवत नाही त्याने रात्रीच्या कॅमेऱ्यावर मत देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात एक फोन हातात आणि दुसरा ट्रायपॉडवर असेल तर मग संपलंच, कारण फोन स्थिर आहे हे त्याला स्वतःला कळतं आणि तो जास्त वेळ घेतो. आयफोन तर ट्रायपॉडवर मिट्ट अंधारात ३० सेकंदांपर्यंत जातो. मी ट्रायपॉड नेतच नाही, अर्धा किलो तूरडाळ एका कापडी पिशवीत शिवून घेतलीय, कठड्यावर टाकायची आणि तिच्यात दोन्ही फोन आळीपाळीने रुतवायचे. पिशवी आता दोन वर्षं जुनी आहे, वरण करायची नाही.

झूमचं तर बोलूच नका. टेलिफोटोचा, म्हणजे लांबचं जवळ आणणारा वेगळा कॅमेरा कम्पेअर करतोय म्हणून लोक रात्री टू एक्स दाबतात. आयफोन ७ प्लसपासून, म्हणजे २०१६ पासून हे चालू आहे, उजेड कमी असला की फोन टेलिफोटो वापरतच नाही, मेन कॅमेऱ्याचा फोटो कापून मोठा करून देतो. त्याचंही बरोबर आहे, ७ प्लसचा मेन एफ १.८ आणि टेलिफोटो एफ २.८, त्यात टेलिफोटोला ओआयएस, म्हणजे हात हलला तरी लेन्स सावरून घेणारी सोय, नाही, अंधारात तो काय करणार. पण तुम्ही जे कम्पेअर करताय ते दुसरंच काहीतरी असतं ना! फोटोच्या माहितीत फोकल लेन्ग्थ बघा. ७ प्लसमध्ये ३.९९ मिमी दिसलं तर मेन, ६.६ दिसलं तर टेलिफोटो. दहा सेकंदांचं काम आहे, तेही कुणी करत नाही.

बाकीच्या चुका पटापट.

व्हॉट्सॲपवरून मागवलेल्या फोटोंवर निकाल देऊ नका, कॉम्प्रेशनमध्ये पहिला बळी अंधारातल्या बारकाव्यांचाच जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

दोन फोन शेजारी धरून आपापल्या स्क्रीनवर फोटो बघू नका, ती स्क्रीनची टेस्ट झाली. एकाच लॅपटॉपवर बघा.

१२ मेगापिक्सेल आणि ५० मेगापिक्सेलचे फोटो हंड्रेड पर्सेंट झूम करून भांडू नका, आधी दोन्ही एका रुंदीचे करा. आणि अंधारात ५० चा मोड लावूच नका, चार पिक्सेल मिळून एक करायची जी सोय दिलीय ती तिथे गमावता.

एलईडी ट्यूबखाली फोटोत पट्टे आले तर सेन्सर खराब नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, शटर १/१०० किंवा १/५० वर आणा आणि बघा.

माणसं टेस्ट करायची असतील तर हलणारी माणसं घ्या. भिंत आणि तांब्या कुठल्याही नाइट मोडला जमतो, झोपाळ्यावरचं पोरगं जमतं का बघा. माझ्या ११ ला जमत नाही, पोराला चेहरा दीड येतो.

आणि शेवटचं, कॅमेऱ्यावर चिकटवलेली ती दोनशे रुपयांची काच आधी काढा. मागच्या महिन्यात एकाने तासभर डोकं खाल्लं, दिव्यांभोवती धुकं येतंय, लेन्सच फॉल्टी आहे, रिप्लेस करून घेतो. मी नखाने काच उचकटली, रुमालाने लेन्स पुसली, फोन परत दिला. त्याने फोटो काढला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "हो पण काचेशिवाय स्क्रॅच पडतील ना?"