कोलोनचं कॅथेड्रल मुलांसोबत बघताना: आधी मनोरा, मग आत

आम्ही जर्मनीत राहतो. भारतातून कोणी मुलाबाळांसह आलं की कोलोनची फेरी ठरलेलीच असते. प्रत्येकाने कुठून तरी तोच कार्यक्रम उतरवून आणलेला असतो: आधी आतलं सगळं निवांत बघायचं, मग दम उरला तर मनोरा चढायचा. मुलं बरोबर असतील तर हा क्रम सरळ उलटा करा. पायांत जोर असलेली मुलं आत शांत बसत नाहीत, आणि दीड तास 'गप्प राहा, हात लावू नको' ऐकून कंटाळलेली मुलं मनोरा चढत नाहीत.

स्टेशनातून बाहेर आलात की कॅथेड्रल समोरच आहे. मोठ्या बॅगा स्टेशनवरच्या लॉकरमध्ये ठेवा आणि मुलांना बाथरूमला तिथेच नेऊन आणा. वेळा आणि तिकिटं कॅथेड्रलच्या संकेतस्थळावर निघायच्या आदल्या दिवशी बघा. रविवारची सकाळ टाळा, कारण प्रार्थना चालू असताना आत फिरता येत नाही.

चढण्याआधी चौकात पाच मिनिटं काढा. मनोऱ्याच्या टोकावर जे दगडी फूल आहे, त्याची मूळ मापाची प्रतिकृती तिथे जमिनीवर उभी आहे. ती नऊ मीटरहून उंच आहे. मुलाला तिच्या शेजारी उभं करा आणि मग वर बोट दाखवा: तेच फूल १५७ मीटरवर केवढंसं दिसतं ते त्यालाच बघू दे. इतिहासही इथेच सांगून टाका, आणि थोडकाच सांगा. १२४८ साली पाया घातला, सोळाव्या शतकात काम बंद पडलं, १८४२ साली पुन्हा सुरू झालं आणि १८८० साली संपलं. मधली तीनशे वर्षं अर्धवट राहिलेल्या दक्षिण मनोऱ्यावर लाकडी क्रेन तशीच उभी होती. राजांची आणि आर्चबिशपांची नावं मुलं विसरतात, ही क्रेन विसरत नाहीत.

आता जिना. मनोऱ्याची वाट चर्चच्या आतून नाही. मुख्य दरवाजाकडे तोंड करून उभं राहिलात की उजव्या हाताला, चौकातून खाली उतरून तिकीटघर लागतं. पायऱ्या ५३३ आहेत आणि लिफ्ट नाही. आकडा ऐकून घाबरू नका. सिंहगड चढलेल्या मुलाला ५३३ पायऱ्या म्हणजे काहीच नाही. अवघड आहे तो जिन्याचा अरुंदपणा. दगडी गोल जिना, आणि चढणारे-उतरणारे दोघंही त्याच जिन्यावर. मलाही सुरुवातीला हाच भाग जड गेला, आणि 'मुलांना मजा येते, बिनधास्त न्या' एवढंच लिहून मोकळं होणाऱ्यांचा मला राग येतो.

गोल जिन्याची पायरी मधल्या खांबाकडे निमुळती होते आणि बाहेरच्या भिंतीकडे रुंद. मुलाचं पाऊल कायम रुंद बाजूला पडलं पाहिजे, एक हात भिंतीला. समोरून माणसं आली की थांबायचं, पाठ भिंतीला टेकायची, त्यांना जाऊ द्यायचं आणि मगच पुढचं पाऊल टाकायचं. हे खाली जमिनीवरच एकदा करून दाखवा. जिन्यात समजावायला जागा नसते. चढताना मूल पुढे, तुम्ही मागे. उतरताना तुम्ही पुढे, मूल मागे. म्हणजे पाय घसरला तरी ते तुमच्यावर येतं. दोन मोठी माणसं असतील तर मूल नेहमी मध्ये. हातात पाण्याची बाटली, फोन, खाऊ काही नको.

पाच वर्षांच्या आतल्या मुलाला नेऊ नका, पाठीवर बांधून तर मुळीच नको. वळणावर त्याचं डोकं दगडाला लागेल आणि तुमचा तोल जाईल. दोघांपैकी एकाने लहानग्याला घेऊन खाली थांबावं. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

'वरपर्यंत जाऊ' असं मुलांना कधीच सांगू नका. 'घंटेपर्यंत जाऊ' असं सांगा. घंटाघर साधारण ५३ मीटरवर आहे, म्हणजे अर्ध्याहून थोडी जास्त चढण तिथे संपते. तिथली सेंट पीटरची घंटा २४ टनांची आहे, १९२३ साली ओतलेली. ती मोठ्या सणांनाच वाजते. ६ जानेवारी २०११ ला, बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांच्या सणाच्या दिवशी, वाजता वाजता तिचा लोलक तुटून खाली पडला होता. ही हकीकत घंटेसमोर उभं राहूनच सांगा. इतर घंटा वाजायला लागल्या तर मुलांचे कान झाका, आवाज छातीत घुमतो.

पुढे जायचं की नाही हे इथे ठरवा. शेवटच्या टप्प्यात दगडी जिना सुटतो आणि मनोऱ्याच्या पोकळीत उभा केलेला लोखंडी जिना लागतो. तिथे खाली बघून कितीतरी धीट मुलं थबकतात. मूल 'नको' म्हणालं की परत फिरा. 'एवढं आलोच आहोत तर' हे वाक्य गिळून टाका. घाबरलेल्या मुलाला त्या जिन्यावरून खाली आणणं हे चढण्याच्या दुप्पट कठीण काम आहे. वर गेलात तर साधारण ९७ मीटरवरून ऱ्हाईन नदी दिसते, जाळीतून.

उतरताना गुडघे थरथरतात आणि गरगरतं. घाई नको, दर काही वेढ्यांनी थांबा.

खाली आल्यावर काहीतरी खाऊ घाला आणि आत जा. पुरुषांनी आणि मुलग्यांनी टोपी काढायची. लाल झग्यातले सेवक सांगतील ते ऐकायचं. आता मुलं आपण होऊन बाकावर बसतात. सगळं दाखवायचा हट्ट सोडा, दोनच गोष्टी पुरेत. एक, तीन राजांची सोन्याने मढवलेली पेटी: ताऱ्यामागे चालत बाळ येशूला भेटायला आलेल्या राजांच्या मानल्या जाणाऱ्या अस्थी, ११६४ साली मिलानहून आणलेल्या. दोन, दक्षिणेकडची चित्रकार गेऱ्हार्ड रिश्टर यांची खिडकी, २००७ सालची. ७२ रंगांचे ११,००० हून जास्त काचेचे चौकोन, चित्र एकही नाही. ऊन असेल तर दुपारच्या सुमाराला ते रंग फरशीवर आणि भिंतींवर उतरतात. मुलांना त्यात हात धरू द्या.

फोटो चौकातून काढायच्या फंदात पडू नका, इमारत मावत नाही. होहेनत्सोलर्न पुलावरून चालत पलीकडच्या तीरावर जा, तिथून पूर्ण येते. परतीला मुलं चालायला तयार नसतील तर पुलाच्या त्या टोकाला डॉइत्झचं स्टेशन आहे, तिथून मुख्य स्टेशन एकाच थांब्यावर आहे.