रक्तातून कॅन्सर शोधणारी टेस्ट केलीत? मग रिपोर्ट असा वाचा

न्यू जर्सीतल्या मावशीने गॅलरी नावाची टेस्ट केली, 949 डॉलर मोजून. रिपोर्टवर एकच ओळ, कॅन्सर सिग्नल आढळला नाही. लगेच फोन, आता दरवर्षीची मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, बंद गं! मी म्हटलं मावशी थांब, आधी ती ओळ नीट समजून घेऊ.

पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात येतात, गाठीतल्या पेशींचेही येतात, आणि ही टेस्ट त्या तुकड्यांवरच्या रासायनिक खुणा बघते. पण गाठ छोटी असेल तर तुकडे इतके थोडे की काढलेल्या दोन नळ्या रक्तात ते सापडतीलच असं नाही. 2021 मध्ये छापलेल्या अभ्यासात याच टेस्टने पहिल्या स्टेजचे कॅन्सर 100 पैकी साधारण 17 च पकडले, तिसऱ्या स्टेजचे 77. म्हणजे लवकर सापडावा म्हणून आपण टेस्ट करतो आणि नेमकी तिथेच ती सगळ्यात कच्ची. म्हणून 'आढळला नाही' हे 'सापडला नाही' असं वाचा, 'नाहीये' असं नाही, आणि मॅमोग्राफी, गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठीची पॅप टेस्ट, तंबाखू खाणाऱ्यांनी तोंडाची तपासणी, यातलं काहीही बंद करू नका.

सिग्नल आढळला असं आलं तर आधी शांत बसा. याच टेस्टच्या 2023 च्या पाथफाइंडर अभ्यासात पन्नाशीपुढच्या 6,621 लोकांपैकी 92 जणांना सिग्नल आला, त्यातल्या 35 जणांनाच खरंच कॅन्सर निघाला, बाकी 57 जण स्कॅन आणि काळजीच्या फेऱ्यातून गेले, त्यांच्या घरच्यांचं काय झालं असेल विचार करा. त्यामुळे स्कॅन आणि गरज असेल तिथे बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी, होऊन निदान पक्कं झाल्याशिवाय कोणीही ट्रीटमेंटचं बोलत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी शील्ड नावाची रक्ताचीच टेस्ट आहे, 2024 मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, ती कॅन्सर 83 टक्के पकडते पण कॅन्सर होण्याआधीचे धोकादायक पॉलिप, म्हणजे आतड्यातले कोंब, जेमतेम 13 टक्के. कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीने आतडं तपासताना, पॉलिप दिसला की बहुतेकदा तिथल्या तिथे काढूनच टाकतात, रक्ताच्या टेस्टला ते कसं जमणार.

आणि स्तनात गाठ लागत असेल, तोंडातला छाला तीन आठवड्यांत भरला नसेल, शौचातून रक्त जात असेल तर ही टेस्ट करत बसूच नका, सरळ डॉक्टरकडे जा.

मावशीने मॅमोग्राफीची अपॉइंटमेंट परत घेतलीय, गुरुवारची.