दुष्काळात फुलोऱ्यातली जनुके तपासताना या चुका टाळा

सिन्नर, येवला, नांदगाव पर्जन्यछायेत येतात, त्यामुळे मक्यावर पाण्याच्या ताणाचे प्रयोग नाशिक जिल्ह्यात भरपूर होतात. ताणात फुलोऱ्यातली कोणती जनुके किती सक्रिय असतात, हे त्यांत मोजतात. दर हंगामाला नवे विद्यार्थी नमुने घेऊन येतात आणि चुका मात्र त्याच.

सगळ्यात महागडी चूक म्हणजे तारीख बघून कणसे तोडणे. येवल्याकडच्या एका प्लॉटवर एका मुलाने ओलिताची आणि ताणाची कणसे एकाच सकाळी काढली. ओलिताच्या कणसांना केस येऊन परागीभवनही झाले होते, तर ताणाच्या कणसांचे केस अजून आवरणाच्या आतच होते. निकालात पेशीविभाजनाची आणि साखर फोडणाऱ्या इन्व्हर्टेजची जनुके मंदावलेली दिसली. तणावाखालच्या बीजांडकोशात (ज्याचा पुढे दाणा होतो त्या भागात) खरोखर असेच होते, म्हणून तो खूश झाला. पण यातला किती फरक दुष्काळाचा आणि किती कोवळेपणाचा? ते वेगळे काढणे शक्यच नव्हते. सिक्वेन्सिंगचा (जनुकांची सक्रियता वाचण्याच्या चाचणीचा) खर्च आणि अख्खा हंगाम पाण्यात गेला.

पाणी तुटले की मक्याचा तुरा जवळपास वेळेवर येतो, केस मागे पडतात. म्हणून मी केस दिसण्याआधीच कणसावर बटर पेपरची पिशवी चढवते. रोज सकाळी पिशवी वर करून बघायचे. पहिला केस दिसला त्या दिवशी झाडाला रंगीत दोरा बांधायचा, दर दिवसाचा रंग वेगळा. परागीभवन हाताने, आणि नमुन्याचे दिवस दोऱ्यापासून मोजायचे. ओलिताची पेरणी दोन-तीन टप्प्यांत केली तर दोन्हीकडची सारख्या अवस्थेची कणसे एकाच दिवशी मिळतात, हवामानाचा फरकही आड येत नाही. हे काम किचकट आहे. ज्यांना रोज शेतात जायचा कंटाळा आहे त्यांनी फुलोऱ्याचा विषय घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गहू-भातात तर बाहेरून नेमकी अवस्था कळत नाही. परागकोशाला, म्हणजे फुलातल्या पराग तयार होणाऱ्या पिशवीला, ताण सर्वांत जास्त बाधतो तो अर्धसूत्री विभाजनापासून (परागाच्या मातृपेशी विभागतात तेव्हापासून) कोवळ्या सूक्ष्मबीजाणूपर्यंत (ज्याचा पुढे परागकण होतो त्या पेशीपर्यंत). एक परागकोश ॲसिटोकार्मिन या रंगद्रव्यात चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय बाकीचे गोठवू नका.

‘पाणी बंद केले’ म्हणजे ताण बसला, असे नाही. भारी काळ्या जमिनीत ओल बरेच दिवस टिकते. पहाटे पानाचा जलविभव (पानातले पाणी किती ताणाखाली आहे ते) प्रेशर चेंबर या उपकरणावर मोजा आणि तो आकडा लिहून ठेवा.

पान तोडणे सोपे म्हणून पानावरून बीजांडकोशाचा निष्कर्ष काढू नका. दोन्ही अवयव ताणाला वेगवेगळा प्रतिसाद देतात.

एक प्लॉट सकाळी, दुसरा जेवणानंतर, असे कधीही नको. कितीतरी जनुकांची पातळी दिवसाच्या वेळेनुसार बदलते.

नमुना बांधावरच द्रव नायट्रोजनमध्ये टाका. बर्फाच्या डब्यातून नाशिकपर्यंत आणलेल्या कणसात तोडल्याचा परिणामही मिसळलेला असतो.

आणि क्यूपीसीआरला, म्हणजे एकेका जनुकाची सक्रियता मोजण्याच्या चाचणीला, ॲक्टिनचे जनुक डोळे झाकून संदर्भ (ज्याची पातळी स्थिर धरून बाकीची जनुके मोजतात ते) म्हणून घेऊ नका. वाढ थांबलेल्या बीजांडकोशात त्याची पातळीही बदलू शकते; मी संदर्भासाठी निदान तीन जनुके त्याच ऊतीत तपासून मगच त्यांतली दोन निवडते.